तुमचं तुम्ही बघा

२ ऑक्टोबर

आज फ्लॅटच्या किल्ल्या देऊन टाकल्या. नव्या मालकीणबाई खूश होत्या, सारख्या खिडक्या उघडत-मिटत होत्या. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. खाली उतरताना आठवलं की न्हाणीघरातला निळा मग तसाच राहिला, आणि बसमध्ये बसेपर्यंत त्या मगाचंच वाईट वाटत राहिलं.

ताई म्हणते, रोज लिहीत जा, नाहीतर डोक्यात भुंगा शिरतो. भुंगा परवडला. माझ्या डोक्यात सध्या काहीच नाही. दाढ काढताना सुई देतात ना, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, पाणी प्यायलं तर हनुवटीवरून ओघळतं आणि कळतही नाही. तशी मी सगळीच झालेय.

झालं ते असं. घड्याळजींनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने (अख्खी गल्ली त्यांना घड्याळजी म्हणायची, मीही लग्नाआधीपासून तेच म्हणते), मार्चमध्ये एकदा जेवताना सांगितलं, "मला आता दुकानात काही दिसत नाही गं. बंद करतो." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात. वडिलांपासूनचं दुकान! आता घड्याळं दुरुस्त कोण करून घेतं, जो तो मोबाइलमध्ये वेळ बघतो, एवढं मलाही कळतं. पण घरात बायको नावाचं कोणीतरी आहे, तिला आधी दोन शब्द विचारावेत की नाही? निर्णय झाल्यावर सांगतात. मी ताटावरून उठले आणि म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी मान हलवली. आणि मग बघितलंच त्यांनी. आधी दुकान गेलं, मग चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि आता आम्ही राहायला जाणार यर्टमध्ये.

यर्ट. ढेकर दिल्यासारखा शब्द. म्हणजे गोल तंबू. लाकडी जाळीची भिंत, वर वासे, त्यावर लोकरीचं जाड अस्तर आणि कॅनव्हास. थंड मुलखात मेंढ्यांमागे फिरणारी माणसं राहतात असल्या घरात. आमच्याकडे मेंढ्या नाहीत. मी विचारलं तेवढं, "का?" तर म्हणाले, "गोल असतं. माणूस चुकत नाही." आता यावर काय बोलणार?

ताईकडे एक खोली रिकामी आहे आणि तिच्या ओळखीच्या दुकानात शिलाईचं काम आहे. मी स्पष्ट सांगून टाकलंय, थंडी संपेपर्यंत राहते. फेब्रुवारी सरला की मी आणि आमची लेक ठमी ताईकडे. तुम्हाला यायचं तर या. ते "बरं" म्हणाले. भांडले असते तर जरा बरं वाटलं असतं.

११ ऑक्टोबर

यांचा एक शाळासोबती आहे, रोपवाला. गावाबाहेर त्याची रोपवाटिका आहे. तिच्या मागची मोकळी जागा त्याने आम्हाला दिलीय, आणि घर उभं राहीपर्यंत त्याच्या शेडमध्ये राहायला सांगितलंय. शेडमध्ये खताचा वास येतो. ठमी म्हणते, "आई, दोन दिवसांनी आपण उगवून येऊ." पंधरा वर्षांची झाली तरी पोरीचा थिल्लरपणा जात नाही. बरंच आहे म्हणा.

घड्याळजी दिवसभर भिंतीच्या पट्ट्या करतात. भिंत म्हणजे लाकडाच्या लांब पट्ट्या एकमेकींवर तिरक्या टाकून, जिथे छेदतात तिथे भोक पाडून, दोरीच्या गाठीने बांधायच्या. मग ती जाळी घडी घालता येते, पसरता येते. त्यांनी एक नमुन्याची पट्टी केलीय. प्रत्येक नवी पट्टी तिच्याखाली धरायची, टोकं अंगठ्याने चाचपून जुळवायची आणि भोक पाडायचं. ठमी टेप धरून आकडे मोठ्याने वाचते, बाप कापतो.

मी म्हटलं, "पोरीचा अभ्यास बुडतोय. स्वतः आकडे वाचायला काय धाड भरलीय?"

ठमीने बापाकडे बघितलं. मग ठमी म्हणाली, "मला आवडतं गं." तिला आवडतं तर आवडतं. मी चहा ठेवला.

१९ ऑक्टोबर

आज लिहू की नको असं झालं होतं. क्षुल्लक गोष्ट आहे.

माझी जवळची नजर पहिल्यापासून अधू. शिवणारीची नजर अधू म्हणजे कुंभाराच्या हाताला मातीची खाज. लग्न झालं तेव्हापासून रोज सकाळी दुकानात जायच्या आधी घड्याळजी माझ्या सुया ओवून उशीत टोचून ठेवायचे. पांढरा दोरा, काळा दोरा, मग त्या दिवशी जो रंग लागेल तो. घड्याळाच्या केसासारख्या स्प्रिंगा धरणारा हात, एका झटक्यात नेढ्यातून दोरा पार. भांडण झालेलं असलं तरी सुया ओवलेल्या असायच्या. तोंडाने बोलायचे नाहीत, पण सुया असायच्या. त्यावरून मी ओळखायचे की राग किती खोल आहे. कधीच फार खोल नसायचा.

दुकान बंद झालं तशा सुयाही बंद झाल्या. मला वाटलं, धांदलीत विसरले. आज कॅनव्हासची कड शिवायला घेतली आणि मुद्दाम सुई-दोरा त्यांच्या पुढ्यात धरला. म्हणाले, "ठमीला सांग ना."

एवढंच. ठमीला सांग ना.

दुपारी बाजारात गेले आणि सुई ओवायची ती तारेची छोटी युक्ती मिळते, ती घेऊन आले. चांगली आहे. काम होतं. संसारात ज्याची त्याची सोय ज्याने त्याने करावी हेच खरं.

३ नोव्हेंबर

घर उभं राहिलं.

सकाळी आधी जाळी गोल पसरली, दाराची चौकट बसवली. मग सगळ्यात वरचं लाकडी कडं. ते मधोमध तोलून धरायचं आणि चहूबाजूंनी वासे त्याच्या भोकांत खुपसायचे. सगळे वासे बसले की ते एकमेकांच्या रेट्यानेच उभं राहतं, मध्ये खांब नाही. पण तोवर कोणीतरी ते कडं पेलून धरावं लागतं. घड्याळजी घोड्यावर, म्हणजे दुपाखी शिडीवर, चढून दोन्ही हात वर करून उभे राहिले. रोपवाला, मी आणि ठमी वासे लावत होतो. मजा म्हणजे ते बघत नव्हते. मान खाली, डोळे मिटलेले, आणि नुसत्या आवाजावरून सांगत होते, "हा बसला नाही, परत मार. हा बसला. आता समोरचा, नाहीतर कलंडेल."

सासऱ्यांची आठवण झाली. शेवटी शेवटी त्यांची नजर पार गेली होती तरी दुकानात येऊन बसायचे आणि टिकटिक ऐकून सांगायचे, हे घड्याळ मागे पडतंय म्हणून.

शेवटचा वासा बसल्यावर घड्याळजींनी हात काढले. कडं जिथल्या तिथे. ते हसले. किती महिन्यांनी हसले. ठमीने टाळ्या पिटल्या, रोपवाल्याने मला म्हटलं, "वहिनी, पेढे नाहीत तर निदान चहा तरी!" सगळे खूश होते. मी त्यांच्यात उभी होते आणि मला कळत होतं की हा आनंदाचा प्रसंग आहे. कळत होतं, बस्स. चहा केला.

कॅनव्हास मी शिवलंय. टीप सरळ आलीय.

१५ नोव्हेंबर

राहायला येऊन आठवडा झाला. घर वाईट नाही. मधोमध लोखंडी शेगडी, तिचं धुराडं वरच्या कड्यातून बाहेर. कड्यातूनच उजेड येतो, उजेडाचा गोल दिवसभर भिंतीवरून सरकतो. दारातून आत आलं की डाव्या हाताला पाण्याचा पिंप, मग स्वयंपाकाचा ओटा, मग माझं मशीन, मग आमचा पलंग, मग ठमीचा, मग कपड्यांची पेटी, की परत दार. संपला बंगला.

पण नियम किती! कुठलीही वस्तू जागची हलवायची नाही. पिंपावरचा तांब्या उजवीकडेच. स्टूल ओट्याखालीच. चपला दाराच्या डाव्या बाजूलाच. मिठाचा डबा जरा इकडचा तिकडे झाला की, "कोणी हलवला?" लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने कधी मिठाचा डबा कुठे असतो ते विचारलं नव्हतं. आता जेलर झालेत.

काल तर कमालच. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर त्यांनी आतून सगळीकडे दोरी बांधलीय, तशीच दारापासून बाहेरच्या नळापर्यंत आणि संडासापर्यंत. मी म्हटलं चला, एक तरी शहाणपणाचं काम केलं, आणि धुतलेल्या चादरी त्यावर वाळत टाकल्या. आले आणि भडकले. "ही दोरी कपड्यांसाठी नाही!"

"मग काय हवेत धरायला आहे? दोरीवर कपडे वाळत नाही टाकायचे तर काय, माकडं टाकायची?"

ठमीला हसू फुटलं. ते मात्र एकेक चादर काढून घडी घालत बसले. दोरीत मध्ये मध्ये गाठी आहेत. बहुतेक तुकडे जोडून केलीय.

२८ नोव्हेंबर

पेटीत लोकरीचं कापड उरलं होतं त्यातून स्वतःसाठी कोट शिवला. हिरवा. जरा बऱ्यापैकी बेतला गेला. घालून त्यांच्यासमोर उभी राहिले, म्हटलं, "कसा दिसतोय?"

"छान. हा निळा तुला नेहमीच शोभतो."

निळा माझा जुना. त्याची कोपरं फाटली तेव्हा मी त्याची पायपुसणी केली.

पूर्वी मी लिहिलंय की नाही आठवत नाही, पण हा माणूस आता माझ्याकडे बघतच नाही. बोलतो, पण नजर माझ्या कानाकडे. सारखी कानाकडे. मी एकदा कान चाचपून बघितला, काही लागलंय का म्हणून. चोराची नजर अशी असते, समोर ठरत नाही. दुसरं काही असेल तर? ताई म्हणाली, दुसरं काही म्हणजे दुसरी कोणी. मी म्हटलं, रोपवाटिकेत आहेत त्या फक्त कुंड्या.

गंमत केली खरी. पण सगळं थंड पडलंय. दुसरी कोणी आहे असं समजलं असतं तरी मला काही झालं नसतं, अशी भीती वाटते. भीती वाटते म्हणजे तेवढी तरी वाटते.

१२ डिसेंबर

ताई आली होती. आल्या आल्या आत एक फेरी मारली आणि म्हणाली, "अगं, इथे कोपऱ्यात बसून रडायचं म्हटलं तर कोपराच नाही!"

मी म्हटलं, "म्हणून तर रडत नाही."

तिचा राग वेगळाच होता. ती दारात उभी होती, उजेड पाठीवर, आणि घड्याळजी समोरून येऊन म्हणाले, "कोण हवंय आपल्याला?" सख्ख्या मेहुणीला! ती म्हणाली, "मी आहे." तेव्हा एकदम, "अरे ताई, या या," म्हणून गडबडले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी आलेलं त्यांना नको होतं. मला सरळ अनोळखी केलं. तू कशाला फेब्रुवारीची वाट बघतेस?"

मी म्हटलं, शब्द दिलाय. ताई म्हणाली, शब्द कोणाला, त्या माणसाला? मशीनची खोळ शिवायची राहिली होती, ती शिवत बसले.

ती गेल्यावर ते म्हणाले, "ताईंना वाईट वाटलं का?"

मी म्हटलं, "तुम्हाला दिसलं नाही?"

ते म्हणाले, "नाही." आणि शेगडीत लाकूड सारलं.

९ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. थंडी आहे, शेगडी चांगली तापते, ठमीला परीक्षेत बरे गुण मिळाले. संध्याकाळी ती धडे मोठ्याने वाचते आणि बाप ऐकतो. पेपरही तीच वाचून दाखवते. बापलेकीचं गूळपीठ आहे. मी मशीनवर असते.

रोपवाल्याची बायको कपडे शिवायला देते. तिच्या मैत्रिणीही देतात. काम आहे.

३० जानेवारी

आज मी मुद्दाम केलं. उगाच खोटं कशाला लिहू.

वरच्या कड्यातून ऊन येतं ते शेगडीजवळ पडतं. काळ्या कापडावर काळी शिवण घालायची होती, म्हणून ओट्याखालचं स्टूल काढून शेगडीपाशी उन्हात ओढलं आणि बसले. काम झाल्यावर उठले. परत ठेवायला हवं होतं. हात पुढे केला आणि मनात म्हटलं, राहू दे. बघू जेलर काय करतात. आणि नळावर गेले.

धडपडल्याचा आवाज आला. आत आले तर ते गुडघ्यावर, स्टूल आडवं आणि उजवा तळवा शेगडीवर टेकलेला. लगेच काढला, पण भाजलाच. मी पाणी ओतलं, मलम लावलं. मला इतका राग आला होता की सांगता येत नाही. स्वतःचाच असावा, पण निघाला त्यांच्यावर.

"दिवसाढवळ्या एवढं मोठं स्टूल दिसत नाही? डोळे काय गहाण टाकलेत?"

ते माझ्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हलवलंस तर सांगत जा गं. एवढंच."

उठले, दोरीला डावा हात लावला आणि बाहेर गेले. बराच वेळ नळापाशी उभे होते. मी बॅग काढली आणि माझे थंडीत न लागणारे कपडे भरायला घेतले. महिनाच राहिलाय. ताईला कळवलं, शेवटच्या रविवारी गाडी घेऊन ये.

१७ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय, समजून घ्यावं. कोणी घ्यावं? माझं मीच.

सकाळपासून वारा सुटला होता. ठमी शाळेत. दहाच्या सुमाराला वरून फडफड ऐकू आली. कड्याजवळची कॅनव्हासची शिवण उसवली होती, माझीच. वारा आत शिरून छप्पर फुगवत होता. तशीच राहिली असती तर दोऱ्या तोडून सगळं उडालं असतं. मी घोड्यावर चढले आणि आतूनच दोन्ही कडा मुठीत गच्च धरल्या. पाऊसही आला. पाणी बाहीतून थेट काखेत. दोन्ही हात अडकलेले. ओरडले, "अहो, पोती शिवायचं दाभण घ्या, त्यात सुतळी ओवून द्या! लवकर!"

पेटीतून दाभण त्यांनी पटकन काढलं. सगळं जागच्या जागी असतं ना. सुतळीही काढली. बरोबर माझ्या खाली, कड्याच्या उजेडात उभे राहिले.

दाभणाचं नेढं केवढं असतं, माझ्यासारखीलाही दिसतं. त्यांनी सुतळी नेली, ती बाजूने गेली. परत नेली, परत बाजूने. मग मान वाकडी करून दाभण डोळ्याच्या कडेला धरलं, कावळा बघतो तसं. पुन्हा चुकली.

माझा नवरा. घड्याळाच्या केसासारख्या स्प्रिंगा.

"थट्टा करताय का?" मी ओरडले. पण ओरडतानाच आवाज बसत गेला.

"नाही गं," ते म्हणाले. "दिसत नाही."

तोच आवाज. मीठ कमी आहे म्हणावं तसा.

मी वर, छप्पर मुठीत, खाली येता येईना. विचारलं, "किती दिसत नाही?"

"मधलं सगळं गेलंय. कडेकडेने दिसतं. तुझ्या कानाकडे बघितलं की चेहरा थोडा येतो. बाबांसारखंच आहे. डॉक्टर म्हणाले, कडेचंही जाईल हळूहळू."

"आणि मला सांगायचं नाही?"

त्यांनी मान वर केली. माझ्या कानाकडे. खरंच गोंधळले होते. "सांगितलं होतं की. मार्चमध्ये. जेवताना."

मला आता दुकानात काही दिसत नाही गं.

"मला वाटलं, धंद्यात काही दिसत नाही म्हणताय! गिऱ्हाईक नाही, पुढचं काही दिसत नाही, असं!"

वाऱ्याने कॅनव्हास ओढलं, मी परत ओढलं. त्यांनी सुतळीचं टोक बोटांत पिळलं. मग म्हणाले, "तू म्हणालीस, तुमचं तुम्ही बघा. मला वाटलं, तुला त्यावर बोलायचं नाही. बाबांचं तूच केलं होतंस सगळं, परत तेच नको असेल. म्हणून मग मी बघितलं माझं. दिसतंय तोवर बांधून घेतलं. गोल आहे, भिंतीला हात लावून चालत राहिलं की दार येतंच."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

त्यांनी नेढं नखाने शोधलं, दाभण जिभेवर टेकवलं, सुतळी ओली केली आणि जिभेच्या टोकानेच ओवली. हात वर करून माझ्याकडे दिलं. दोन्ही कडा एका मुठीत धरून मी टाके घातले. वाकडेतिकडे, पण घट्ट. मग खाली उतरले. तिथेच शेगडीजवळ बसून मोठ्याने रडले. मार्चपासूनचं सगळं. कोपरा लागला नाही. ते शेजारी बसले. भाजलेला तळवा अजून गुलाबी आहे. तो मी गालाला लावला.

ठमी आली तर आम्ही दोघं ओले. तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुला माहीतच नव्हतं? मला वाटलं, तुम्ही दोघांनी ठरवलंय बोलायचं नाही म्हणून. मी आपली आकडे वाचत होते."

म्हणजे माहीत असून मी त्यांना विचारलं होतं, डोळे गहाण टाकलेत का. माहीत असून दोरीवर चादरी टाकल्या, माहीत असून स्टूल. त्यांच्या लेखी तसंच. इतके महिने हा माणूस कसल्या बाईबरोबर राहत होता, आणि तरी मलाच म्हणत होता, सांगत जा.

सुईचा बधिरपणा उतरायला लागतो तेव्हा आधी ठणका लागतो. आज ठणकतंय सगळं.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांकडे मीही गेले. नवीन काही सांगितलं नाही. मी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले, ते बिचारे सांगत राहिले. येताना बसमध्ये घड्याळजी म्हणाले, "तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाबरवलंस."

माझं पुढचं काही ठरलेलं नाही. सासऱ्यांचं केलं तेव्हा मी तरुण होते, आणि तेव्हाही कंटाळून रात्रंदिवस चिडचिड करायचे. परत तेच, आता आयुष्यभर? मनापासून विचारलं तर "हो" असं पटकन येत नाही. ताईच्या खोलीला खिडकी आहे, पुढे सरळ रस्ता दिसतो. आणि ही बॅग भरलेली आहे. ती दाराजवळ होती, ती मी आज पलंगाखाली सरकवली. दारात कोणाच्या पायात यायला नको.

सकाळी उशीत सुया टोचलेल्या दिसल्या. पांढऱ्या दोऱ्याच्या. एकीत दोरा नेढ्याच्या बाहेरूनच गुंडाळलेला होता. बाकीच्या बरोबर. जिभेने ओवल्या असणार.

२३ फेब्रुवारी

आज ते आंघोळीला गेले असताना डोळे मिटून दोरीला हात लावून घरभर चालून बघितलं. गाठी तुकडे जोडल्याच्या नाहीत. पिंपापाशी एक गाठ. ओट्यापाशी दोन. मग बराच वेळ नुसती दोरी, हात घसरत जातो. मग पलंगापाशी तीन, ठमीच्या पलंगापाशी चार, पेटीपाशी पाच, आणि दार. मध्ये माझं मशीन आहे तिथे काहीच नाही. मी तिथेच पायाला मशीनचा लोखंडी पाय लागून कळवळले.

ते आले तेव्हा विचारलं, "मशीनपाशी गाठ का नाही मारली?"

"तू तिथे असतेस तेव्हा आवाज येतो. लागत नाही."

"आणि नसते तेव्हा?"

टॉवेलने कान पुसत राहिले. मग म्हणाले, "फेब्रुवारीत तू जाणार होतीस ना. मशीनही गेलं असतं. रिकाम्या जागेला गाठ मारून काय करू?"

२६ फेब्रुवारी, रविवार

ताई गाडी घेऊन आली. दारात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "मी आहे हो, ताई!" मी फोनवर सगळं सांगितलं होतं तिला. फार रडली होती. आत आली आणि बॅग शोधायला लागली.

मी तिला म्हटलं, "चहा घे, मग जा."

"आणि तू?"

"मला काम आहे."

ती मला ओळखते. चहा घेतला, कप विसळला आणि नेमका भलत्याच जागी ठेवला. मी उचलून जागेवर ठेवला.

ती गेल्यावर उरलेली सुतळी काढली. मशीनपाशी दोरीवर गाठ मारली. एक, दोन, तीन कशातच बसत नव्हती, म्हणून चांगली मोठी मारली, फुगीर, आणि वर हिरव्या कोटाचं उरलेलं कापड घट्ट शिवून टाकलं. हाताला लोकर लागते. मग मशीन न चालवता गप्प बसून राहिले.

घड्याळजी नळावरून आले. पिंपाची गाठ, ओट्याच्या गाठी, मग नेहमीसारखे सरळ निघाले पलंगाकडे. हात अडला. थांबले. मागे-पुढे चाचपलं.

"ही कुठली नवीन?"

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं.

ते उभे राहिले. अंगठ्याने ती गाठ सगळीकडून फिरवून बघितली, कापडाची कड, माझे टाके, एकेक. फार वेळ लावला. पूर्वी घड्याळ उघडून बसायचे तेव्हा लावायचे तसा.

"बघितलं," ते म्हणाले.